पर्सिस्टेड क्वेरी कॅशिंग : दोषनिवारण

ग्राफक्यूएल पद्धतीच्या वेब एपीआयमध्ये क्वेरीचा मजकूर सर्व्हरच्या कॅशमध्ये साठवून पुढील विनंत्यांत केवळ त्याचा हॅश पाठवण्याची सोय, आणि तीत होणारे बिघाड शोधण्याची रीत. ग्राफक्यूएल ही क्वेरी-भाषा फेसबुकने २०१२ मध्ये अंतर्गत वापरासाठी घडवली व २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. कोणती माहिती हवी हे क्लायंट स्वतः लिहून पाठवत असल्याने मोठ्या ॲपच्या क्वेऱ्या लांबलचक होतात. त्यांचा भार कमी करणे हा या सोयीचा हेतू.

कार्यपद्धती : अपोलो सर्व्हरने रूढ केलेल्या स्वयंचलित पद्धतीत क्लायंट आधी क्वेरीचा एसएचए-२५६ हॅश पाठवतो. तो षोडशमान पद्धतीत ६४ अक्षरांचा असतो. हॅश ओळखीचा नसल्यास सर्व्हर ‘पर्सिस्टेड क्वेरी नॉट फाउंड’ असे कळवतो. मग क्लायंट हॅश आणि संपूर्ण मजकूर दोन्ही पाठवतो. सर्व्हर हॅश ताडून पाहतो, मजकूर कॅशमध्ये ठेवतो व उत्तर देतो. म्हणजे पहिला नकार हा दोष नव्हे. त्याच क्वेरीला तो वारंवार मिळू लागला, तर मात्र दोष समजावा.

हा दोष सहज नजरेस पडत नाही. कॅशमध्ये लिहिणे फसले तरी दुसऱ्या विनंतीला बरोबर उत्तर मिळते. वापरणाऱ्याची तक्रार नसते, चाचण्या उत्तीर्ण होतात. भार वाचण्याऐवजी विनंतीच्या फेऱ्या मात्र दर वेळी दुप्पट होतात. म्हणून उत्तरांच्या अचूकतेवरून कॅशची प्रकृती ठरवू नये. नकारांचे प्रमाण मोजावे.

प्रमुख कारणे : (१) स्वतंत्र कॅश. लोड बॅलन्सरमागे अनेक सर्व्हर असून प्रत्येकाचा कॅश त्याच्याच मेमरीत असेल, तर एकाकडे नोंदलेली क्वेरी दुसऱ्याला अनोळखी ठरते. रेडिस किंवा मेमकॅश्डसारखा सामायिक कॅश हा यावरचा उपाय. (२) मुदत व जागा. नोंदीची मुदत फार कमी असल्यास किंवा कॅश भरल्यास नोंदी गळतात. मेमरीतला कॅश सर्व्हर पुन्हा सुरू होताच रिकामा होतो. (३) क्वेरीत कोंबलेल्या किमती. ग्राहक क्रमांक किंवा तारीख व्हेरिएबलमधून न देता मजकुरात लिहिली, की प्रत्येक विनंतीचा हॅश वेगळा होतो आणि एकदाच लागणाऱ्या नोंदींनी कॅश भरून जातो. (४) हॅशची विसंगती. एका रिकाम्या जागेनेही हॅश बदलतो. म्हणून पाठवल्या जाणाऱ्या नेमक्या मजकुराचाच हॅश काढावा. दोन्ही बाजूंची हॅश-पद्धत व लेखनरूप एकच असावे. (५) मधली यंत्रणा. गेटवे किंवा प्रॉक्सीने विनंतीतला ‘एक्स्टेन्शन्स’ हा भाग गाळल्यास हॅश सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. सीडीएनने नकाराचाच प्रतिसाद साठवून ठेवल्यास, क्वेरी नोंदली गेल्यावरही नकारच परत येत राहतो.

तपासणीचा क्रम : एकच क्वेरी निवडून तिचा हॅश हाताने काढावा. टर्मिनलवर ‘एको’ आज्ञा शेवटी नवी ओळ जोडते व हॅश चुकतो, हे ध्यानात ठेवावे. नंतर केवळ हॅश, मग हॅशसह मजकूर, पुन्हा केवळ हॅश अशा तीन विनंत्या थेट एकाच सर्व्हरला पाठवाव्यात. तिसरीला उत्तर मिळाले तर लोड बॅलन्सरमार्गे तीच चाचणी अनेकदा करावी. काही वेळाच नकार आल्यास स्वतंत्र कॅशचा संशय बळावतो. थेट सर्व्हरवरही तिसरी फसल्यास कॅशच्या जोडणीचे लॉग, साठवणीची मुदत आणि क्षमता पाहावी. ‘पर्सिस्टेड क्वेरी नॉट सपोर्टेड’ असे उत्तर आल्यास ही सोय सर्व्हरवर बंद आहे.

मर्यादा : स्वयंचलित पद्धतीत कोणताही क्लायंट नवी क्वेरी नोंदवू शकतो, त्यामुळे तिला सुरक्षेची तटबंदी मानू नये. केवळ मान्य क्वेऱ्याच चालवायच्या असतील, तर त्यांची यादी ॲप तयार करतानाच सर्व्हरकडे नोंदवावी आणि यादीबाहेरची प्रत्येक क्वेरी नाकारावी. अशा व्यवस्थेत अनोळखी हॅशवर मजकूर पुन्हा पाठवून मार्ग निघत नाही. म्हणून ॲपची नवी आवृत्ती वापरात येण्याआधी तिची यादी सर्व्हरवर पोचलेली असावी, आणि लोकांच्या फोनवर जुनी आवृत्ती चालू आहे तोवर तिची यादी काढू नये.