विद्युत् अपारक गोल (विद्युत् क्षेत्रातील)

विद्युत् अपारक म्हणजे विजेचे वहन न करणारा पदार्थ. त्याचा गोल एकसमान विद्युत् क्षेत्रात ठेवला की रेणूंतील धन आणि ऋण भार विरुद्ध बाजूंना किंचित सरकतात. गोलाच्या पोटात त्यांची वजाबाकी होऊन जाते. पृष्ठभागावर मात्र एका ध्रुवाकडे धन आणि दुसऱ्याकडे ऋण भार उघडा पडतो. हे भार मूळ क्षेत्राला विरोध करतात. अपारक स्थिरांक ‘क’ धरल्यास आतले क्षेत्र मूळच्या ३/(क + २) पट उरते आणि ते आत सगळीकडे सारखेच असते. घनाकृती ठोकळ्यात ही सोय नाही.

बाहेर गोल द्विध्रुवासारखा वागतो. त्याचा प्रभाव अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. ध्रुवांलगत बाहेरचे क्षेत्र ३क/(क + २) पट होते. काचेसाठी क सुमारे ५ घेतल्यास आत ०·४३ पट, ध्रुवाशी २·१४ पट. क कितीही वाढला तरी ध्रुवाशी तिप्पट ही मर्यादा ओलांडली जात नाही. उलट, घन निरोधकात हवेचा बुडबुडा अडकला तर त्याच्या आत क्षेत्र दीडपटीपर्यंत वाढते. हवा आधीच कमी क्षेत्र सोसणारी, त्यामुळे केबलच्या वेष्टनातील बिघाड अनेकदा अशा पोकळीपासून सुरू होतो.

द्विध्रुवाचे बळ (क − १)/(क + २) या गुणोत्तरावर ठरते. मोसोत्ती (१८५०) आणि क्लाउझिउस (१८७९) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रात हेच गुणोत्तर येते.

कोकणातील पावसाचा थेंब हे याचे रोजचे उदाहरण, पण थोडे फसवे. ढगातील सावकाश बदलणाऱ्या क्षेत्रात थेंब वाहकच ठरतो, कारण पाण्यातील आयन भराभर जागा बदलतात. रडारच्या लहरींपुढे त्यांना ती सवड मिळत नाही. तिथे थेंब अपारक गोल होतो. तरंगलांबीपेक्षा तो बराच लहान असेल, तर परतणारा प्रतिध्वनी व्यासाच्या सहाव्या घाताच्या आणि वरील गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. हा वर्ग पाण्यासाठी सुमारे ०·९३, बर्फासाठी सुमारे ०·१८. म्हणजे तेवढाच बर्फाचा गोल जेमतेम पाचव्या हिश्शाने उजळतो. वितळू लागलेला हिमकण मात्र पाण्याचे पातळ कवच चढताच मोठ्या थेंबासारखा चमकतो.

रत्नागिरीलगतचे मिरजोळे मुंबईच्या कुलाबा येथील रडारपासून सरळ रेषेत सुमारे २१५ किमी. आहे. क्षितिजाच्या अर्धा अंश वर रोखलेला किरण पृथ्वीच्या वक्रतेमुळे तिथे साडेचार किमी.च्या आसपास उंचीवर पोचतो, आणि पावसाळ्यात ०° से.ची पातळी साधारण ५ किमी.वर असते. किरणाला दिसतो तो नेमका वितळण्याचा थर. अंगणात पडणारा पाऊस त्याच्या खालीच राहतो. एवढ्या अंतरावरून काढलेला पावसाचा आकडा म्हणून जमिनीवरील पर्जन्यमापकाशी ताडून घ्यावा लागतो.