बुधवारचा बाजार आणि हरवलेला धक्का

इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यातील बेसिंगस्टोक या नगराशी मराठी माणसाचा परिचय आजकाल बहुधा नोकरीधंद्याच्या निमित्ताने होतो, आणि लंडनहून आगगाडीने तासाभराच्या आत गाठता येणारे, काचेच्या कचेऱ्यांनी आणि वर्तुळाकार चौकांनी व्यापलेले हे गाव आपल्याला काही भूतकाळ आहे याचा सुगावा नवागताला सहसा लागू देत नाही. तथापि पुण्याहून किंवा नाशिकहून मुलाकडे वा लेकीकडे काही महिने राहावयास आलेले आईवडील जेव्हा एखाद्या बुधवारी सकाळी टेकाडावरच्या जुन्या पेठेतला बाजार पाहतात, आणि जेवणे आटोपून तेथून सात-आठ मैलांवरच्या ओडिअम गावी जाऊन, माहितगाराच्या निवेदनासह, बेसिंगस्टोक कालव्यातून नावेचा फेरफटका करतात, तेव्हा एका दीर्घ इतिहासाचे दोन तुकडे त्यांच्या हाती पडतात. हे तुकडे मुळात एकसंध होते. कालव्याला नाव बेसिंगस्टोकचे, परंतु बेसिंगस्टोकात कालवा नाही. बाजार बेसिंगस्टोकात, परंतु ज्या पाण्याने त्या बाजाराचा माल लंडनला जात असे ते पाणी मैलोगणती मागे सरकलेले. हा विच्छेद कसा घडला, आणि त्यातूनही जे वाचले ते कोणामुळे वाचले, हे जाणल्यावाचून ती अर्ध्या दिवसाची सहल पुरी झाली असे मला वाटत नाही.

प्रथम बाजाराचा विचार करू, कारण तो वडील आहे. विजेत्या विल्यमच्या हुकुमाने 1086 मध्ये जी राज्याची प्रचंड पाहणी झाली, तिच्या दप्तरात बेसिंगस्टोकच्या बाजाराची नोंद असून त्याचे उत्पन्न तीस शिलिंग लिहिलेले आहे. पुढे जॉन राजाच्या कारकिर्दीत, 1214 साली, बाजाराचा वार बुधवार ठरला, आणि तोच वार आठ शतके चालत आला आहे. आपल्याकडे पेशवाईत नवी पेठ वसवावयाची तर सरकारातून कौल मिळे, शेटे-महाजनांची नेमणूक होई, काही वर्षे जकातीची माफी असे, आणि पुण्याच्या सोमवार, बुधवार, शुक्रवार या पेठांनी तर वारच नावात धारण केले. इंग्लंडातही बाजार भरविणे ही प्रजेची खाजगी बाब नव्हती, तो राजाने द्यावयाचा आणि गावाने जिवापाड जपावयाचा हक्क होता. कोणत्या वारी कोणी बाजार भरवावा यावर शेजारच्या गावांची भरभराट वा उतरती कळा अवलंबून असल्यामुळे, वार ठरविणे म्हणजे भोवतालच्या मुलुखातील धान्य, लोकर आणि गुरे यांची वाट ठरविणेच होते.

या बाजारात काय विकले जाई, याचे उत्तर शतकागणिक बदलले. एके काळी येथील लोकरी कापडाची ख्याती होती. तो धंदा सतराव्या शतकानंतर खालावला, आणि त्याची जागा धान्याने व माल्टने, म्हणजे मद्यासाठी भिजवून, मोड आणून वाळविलेल्या जवांनी, घेतली. हॅम्पशरच्या खडूच्या टेकड्या जव-गव्हाला मानवणाऱ्या, गावात माल्ट करणारी घराणी सधन, आणि लंडनसारखे अगणित तोंडांचे शहर पन्नास मैलांच्या आत. अडचण होती ती रस्त्याची. चिखलाच्या वाटेवरून घोड्यांच्या गाड्यांनी जाणाऱ्या धान्यावर वाहतुकीचा बोजा इतका पडे की वाटेतच नफ्याचा बराचसा अंश झिजून जाई. उलट एकच घोडा काठावरून दोर ओढीत पाण्यातला पन्नास टनांचा पडाव सहज नेऊ शकतो. आपल्या कोकणात हे तत्त्व कोणाला शिकवावे लागले नाही. दाभोळच्या खाडीतून वासिष्ठीने वर येणारी गलबते गोवळकोटाला लागत, तेथे माल उतरून बैलांच्या पाठीवर कुंभार्ली घाट चढे, आणि चिपळूणची पेठ या उतार-चढावर पोसली गेली. निसर्गाने चिपळूणला जे आयते दिले, ते बेसिंगस्टोकच्या व्यापाऱ्यांनी फावड्याने खणून आणावयाचे ठरविले.

त्यासाठी पार्लमेंटचा कायदा 1778 साली झाला. परंतु अमेरिकन वसाहतींशी चाललेल्या युद्धामुळे भांडवल दुर्मीळ झाले होते, आणि प्रत्यक्ष कुदळ पडावयास 1788 उजाडले. विल्यम जेसप हा त्या काळचा नामांकित इंजिनीअर योजनेचा प्रमुख, आणि जॉन पिंकर्टन हा मुख्य ठेकेदार. मूळ आखणीत कालवा चव्वेचाळीस मैलांचा होता, कारण तो टेकडीला वळसा घालून जावयाचा होता. परंतु त्या वाटेवरील टिलनी हॉलच्या जमीनदाराने आपल्या बागबगीच्याजवळून पडाव जाऊ देण्यास हरकत घेतली, आणि तेव्हाच्या इंग्लंडात जमीनदाराची हरकत ही पुष्कळदा कायद्याहून वजनदार असे. वळसा रद्द झाला आणि त्याऐवजी ग्रेवेलच्या टेकडीतून 1,230 यार्ड लांबीचा बोगदा काढण्यात आला. एका श्रीमंताच्या नाखुशीपायी पत्करलेला हा बोगदा पुढे कालव्याच्या दैवाचा निकाल लावणार होता.

1794 च्या सप्टेंबरात सदतीस मैलांचा कालवा पुरा झाला. बेसिंगस्टोकच्या खालच्या अंगाला, वोट स्ट्रीटच्या पायथ्याशी, धक्का आणि वखारी उभ्या राहिल्या. तेथून पाणी पूर्वेस बेसिंग हाउस या उद्ध्वस्त वाड्याच्या भग्न तटांमधून, बोगद्यातून, ओडिअम, फ्लीट आणि अल्डरशॉटवरून सरे परगण्याच्या मुलुखात उतरे, आणि वेब्रिजजवळ वे नदीला व तिच्याद्वारे थेम्सला मिळे. एकूण उतार सुमारे 195 फूट, आणि तो उतरण्यासाठी 29 लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेल्या दगडी-विटांच्या कोठ्या, ज्यांत पाणी भरून वा सोडून नाव पायरीपायरीने वरखाली करता येते. बोगद्यात काठाची वाट नव्हती. तेथे घोडा सोडून टेकडीवरून नेत, आणि नावाडी फळीवर उताणे पडून बोगद्याच्या भिंतीला पाय लावीत, जणू आडवे चालत, भरलेला पडाव अंधारातून पुढे ढकलीत. जाताना धान्य, पीठ, माल्ट आणि इमारती लाकूड. येताना मुख्यतः कोळसा आणि लंडनचा किराणा. बुधवारी पेठेत ठरलेला सौदा तीन-चार दिवसांत थेम्सवर पोचत असे.

हिशेबाच्या वहीत मात्र हे चित्र फारसे उजळले नाही. कायद्याने मंजूर भांडवल 86,000 पौंड. प्रत्यक्ष खर्च दीड लाखाच्या वर गेला. भागधारकांच्या हाती लाभांश म्हणून काही पडले नाही. याचे एक कारण असे की फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या काळात इंग्लिश खाडीतून फिरणारी गलबते शत्रूच्या तावडीत सापडण्याची धास्ती असल्यामुळे लंडन-साउदॅम्प्टन यांच्यामधील बराच माल या कालव्याने बेसिंगस्टोकापर्यंत आणि पुढे गाडीने जाई. 1815 नंतर समुद्र निर्धास्त झाला आणि ती आवक आटली. दुसरे आणि माझ्या मते खरे कारण असे की हा कालवा बेसिंगस्टोकाशी थांबत होता. दक्षिणेस साउदॅम्प्टनकडे आणि उत्तरेस केनेट-एव्हन कालव्याकडे तो जोडावयाच्या योजना निघाल्या, नकाशे झाले, पैसा जमला नाही. ज्या बाजारासाठी तो खणला, त्या एकाच बाजाराच्या उत्पन्नावर त्याला जगावे लागले, आणि एका मध्यम पेठेच्या बळावर सदतीस मैलांचे पाणी पोसणे हे त्या पेठेच्या शक्तीबाहेरचे होते.

मग आगगाडी आली. लंडन-साउदॅम्प्टन रेल्वेचा रूळ 1839 साली बेसिंगस्टोकास पोचला आणि 1840 त सबंध मार्ग खुला झाला. करुणेचा भाग असा की कालव्याच्या सर्वांत भरभराटीच्या वर्षांपैकी एक 1838 हे होते, तेव्हा वर्षाकाठी तीस हजार टनांहून अधिक माल त्यावरून गेला. आणि त्यात रेल्वेच्या बांधकामाचे सामान मोठ्या प्रमाणावर होते. आपल्याला मारणाऱ्याचे साहित्य कालव्याने स्वतःच्या पाठीवर वाहिले. पुढे 1850 नंतरच्या दशकात अल्डरशॉटला लष्करी छावणी उभी राहत असताना त्याला पुन्हा थोडे काम मिळाले, परंतु 1866 मध्ये मूळ कंपनी दिवाळ्यात गेली, आणि त्यानंतर मालक बदलत राहिले.

या मालकांपैकी एकच नाव मी आदराने घेतो: ए. जे. हार्म्सवर्थ. फार काळ वापर न झालेला कालवा कायद्याच्या दृष्टीने परित्यक्त ठरण्याचा धोका होता. म्हणून 1913 च्या हिवाळ्यात त्यांनी ‘बेसिंगस्टोक’ याच नावाची एक अरुंद नाव घेऊन, गाळातून, गवतातून आणि ओहोटलेल्या पाण्यातून, बेसिंगस्टोककडे जाण्याचा खटाटोप केला. नगराच्या धक्क्यापर्यंत ती पोचू शकली नाही. 1923 मध्ये त्यांनी कालवाच विकत घेतला, लाकूड-कोळशाची वाहतूक जमेल तितकी चालविली, आणि हौशी लोकांना भाड्याने होड्या देण्याचा धंदाही केला. पिकनिकच्या टोपल्या, रविवारची वल्ही आणि काठावरच्या चहाच्या टपऱ्या यांना व्यापारी इतिहासकार क्षुल्लक समजतात. मला मात्र येथे एक नवे वळण दिसते, कारण मालाचे भाडे मिळेनासे झाले तेव्हा माणसाच्या विरंगुळ्याच्या भाड्यावर या पाण्याने प्रथमच श्वास घेतला.

1932 साली ग्रेवेलच्या बोगद्याचे छत एका जागी कोसळले. टिलनी हॉलच्या हरकतीतून जन्मलेला तो बोगदा अशा रीतीने बंद पडला, आणि त्याच्या पश्चिमेचा पाच-सहा मैलांचा भाग मूळ प्रवाहापासून तुटला. तुटलेला भाग कोणाचाच उरला नाही: तो भरला गेला, नांगरला गेला, बांधला गेला. बेसिंगस्टोकच्या धक्क्याच्या जागी पुढे बसस्थानक झाले. 1961 नंतर लंडनची जादा लोकवस्ती सामावण्याचा करार झाला आणि खालच्या गावाचा मोठा भाग पाडून तेथे नवी बाजारपेठ उठली. 2002 मध्ये उघडलेले फेस्टिव्हल प्लेस हे झगझगीत खरेदी-केंद्र याच परिसरात उभे आहे. अर्थात जुना बाजार टेकडीवर राहिला, नवा बाजार धक्क्याजवळ आला, आणि जुन्या बाजाराचा माल वाहणारे पाणी मात्र नाहीसे झाले.

उरलेल्या बत्तीस मैलांचे आज जे दर्शन घडते, त्याचे श्रेय सरकारपेक्षा सामान्य नागरिकांना आहे. 1966 मध्ये सरे अँड हॅम्पशर कॅनाल सोसायटी स्थापन झाली; तिच्या रेट्यामुळे 1973 आणि 1976 मध्ये दोन्ही परगण्यांच्या कौन्सिलांनी आपापल्या हद्दीतील कालवा ताब्यात घेतला. 1934 सालच्या बनावटीचा, वाफेवर चालणारा ‘पर्सिव्हिअरन्स’ नावाचा गाळ-उपशाचा तराफा ओडिअमच्या बाजूला वर्षानुवर्षे चालला. शनिवार-रविवारी कारकून, शिक्षक, अभियंते गुडघाभर चिखलात उतरून कोसळलेल्या लॉकच्या विटा नव्याने रचीत. 10 मे 1991 रोजी ड्यूक ऑफ केंट यांच्या हस्ते कालव्याचे पुनरुद्घाटन झाले. आणि या सर्व प्रयत्नांच्या मध्यभागी, 1978 पासून, ओडिअमच्या कोल्ट हिल धक्क्यावरून एक प्रवासी नाव फेऱ्या मारीत होती. तिचे नाव ‘जॉन पिंकर्टन’, त्या जुन्या ठेकेदारावरून. चालविणारे सगळे स्वयंसेवक, आणि शिल्लक पडे ती कालव्याच्याच कामी. तिची जागा आता त्याच नावाच्या दुसऱ्या नावेने घेतली आहे.

येथे मला आपले म्हणणे स्पष्ट मांडले पाहिजे. सहल म्हणजे इतिहासाचे पातळ झालेले सरबत असे मानण्याची आपल्या विद्वानांची सवय आहे, आणि मार्गदर्शकाच्या तोंडून ऐकलेली माहिती ही त्यांना अभ्यासाची विटंबना वाटते. परंतु बेसिंगस्टोक कालव्याच्या बाबतीत वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. गेल्या दोन शतकांत भागधारकांनी, रोखेधारकांनी, लष्कराने आणि लिलावदारांनी जे साधले नाही, त्याला चहाचा पेला हाती घेऊन खिडकीशी बसलेल्या प्रवाशाच्या तिकिटाने हातभार लावला. मालवाहू कालवा म्हणून तो अपयशी ठरला. प्रेक्षणीय कालवा म्हणून तो जगला, आणि ज्याला आपण प्रवाशांची करमणूक म्हणतो ती त्याची सर्वांत प्रामाणिक उपजीविका ठरली.

ओडिअमहून निघालेली नाव पश्चिमेस जाते, नॉर्थ वॉर्नबरोचा उचलता पूल नाविक-मंडळी वर करतात, आणि ओडिअमच्या किल्ल्याच्या आसपास ती मागे वळते. हा अष्टकोनी बुरुजाचा किल्ला जॉन राजाने बांधला. ज्या राजाच्या काळात बुधवारचा बाजार ठरला त्याच राजाचा, आणि 1215 साली याच किल्ल्यातून तो रनीमीडला मॅग्ना कार्टावर मोहोर उठवावयास गेला असे सांगतात. बाजारात सकाळी ज्याचे नाव ऐकले त्याचे घर दुपारी पाहावयास मिळते, आणि मधले अंतर भरून काढणे हे खऱ्या मार्गदर्शकाचे काम होय. किल्ल्यापलीकडे काठाने पुढे गेल्यास लवकरच बोगद्याचे तोंड लागते. त्याच्या आत शीतकाळी वटवाघुळांची फार मोठी वस्ती असते, आणि ते कायद्याने संरक्षित असल्यामुळे बोगदा पुन्हा उघडण्याची चर्चा जेव्हा जेव्हा निघते तेव्हा हा प्रश्न आडवा येतो. मला यात तक्रार करण्याजोगे काही वाटत नाही. टेकडीच्या पोटातील ती जागा आता त्यांची आहे.

ज्यांना मधला दुवा पाहावयाचा आहे त्यांनी बाजारातून थेट मोटारीत बसू नये. फेस्टिव्हल प्लेसपासून बेसिंग हाउसपर्यंत कालव्याच्या जुन्या रेषेच्या आसपासने सुमारे दोन मैलांची पायवाट आखलेली आहे, आणि वडीलधाऱ्यांनाही ती सावकाश चालवेल अशी आहे. बेसिंग हाउसच्या विटांच्या ढिगाऱ्यांना 1643 ते 1645 पर्यंत चाललेल्या वेढ्याचा इतिहास आहे, त्यावर वेगळे लिहावे लागेल. परंतु त्या उद्ध्वस्त वाड्याच्या आवारातील कालव्याचा कोरडा खंदक डोळ्यांनी पाहिला की धक्का कोठे होता, पाणी कोठून आले आणि बुधवारचा माल कोठल्या वाटेने गेला हे कोणाला विचारावे लागत नाही. मग दुपारी ओडिअमला जावे.