‘यात नवं काय?’ या प्रश्नाची कुळकथा

बऱ्हाणपूरच्या एखाद्या यंत्रमागवाल्यानं मागावर कॅमेरा बसवला, चालू कापडातला तुटका धागा तो टिपतो म्हणून पेटंट मागितलं, तर अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात जातो. तिथं दोन प्रश्न पडतात. हे आधी कुणी केलंय का? नसेल, तर या कामातल्या जाणकाराला ते सहज सुचलं असतं का?

या प्रश्नांनी एडिसनलाही जेरीस आणलं. चलचित्राच्या कॅमेऱ्यासाठी त्यानं १८९१ मध्ये अर्ज केला, १८९७ मध्ये पेटंट मिळालं. दावा इतका ऐसपैस, की फिल्मवर हलती दृश्यं टिपणारा दुसरा कुणी उरूच नये. १९०१ मध्ये न्यायालयानं तो मानलाही. प्रतिपक्षाची अमेरिकन म्यूटोस्कोप कंपनी अपिलात गेली आणि १९०२ मध्ये निकाल फिरला. एकाच कॅमेऱ्यातून लागोपाठ चित्रं घेणं इतरांना आधीच साधलं होतं, फिल्मही एडिसनची नव्हती. हक्क सांगायचाच तर आपल्या यंत्ररचनेपुरता सांगावा, असा त्याचा अर्थ. मला हा निकाल फार न्याय्य वाटतो.

आपल्याकडे पेटंटचा पहिला कायदा १८५६ चा. पण कसोटीला धार आली ती १९७८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात, मिर्झापूरच्या पितळी भांड्यांवरून. लेथवर फिरणारं भांडं निसटून उडायचं. म्हणून त्याला समोरून टोकदार दांड्याचा रेटा देण्याची सोय केली होती आणि तिचं पेटंट घेतलं होतं. न्यायालयानं ते रद्द ठरवलं. लेथ आणि दांडा दोन्ही जुनेच, त्यांची जोडणी म्हणजे कारखान्यात रोज होणारी सुधारणा. २००५ पासून कायद्याची व्याख्या अशी: उपलब्ध ज्ञानापेक्षा तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व हवं, शिवाय ती गोष्ट जाणकाराला उघड दिसणारी नसावी.

तेव्हा बऱ्हाणपूरच्या कल्पक माणसांनो, आधी जुनी पेटंटं चाळा. नुसता ‘मागावर कॅमेरा’ टिकणार नाही. थरथरत्या मागावर, उडत्या तुसात स्वच्छ चित्र कसं मिळवलंत, ते नेमकं लिहा आणि तेवढंच मागा. तरीही अर्ज फेटाळला, तर खचू नका. अपिलाचं वेगळं मंडळ २०२१ मध्ये बंद झालं. मुंबई कार्यालयाच्या आदेशावर आता मुंबई उच्च न्यायालयात दाद मागता येते. मुदत तीन महिन्यांची आहे.