रुळांशेजारचा फकीर

भारतीय बोलपटातलं पहिलं गाणं एका फकिराने म्हटलं. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला. अर्देशीर इराणी यांच्या इम्पीरियल फिल्म कंपनीचा हा चित्रपट. नायक मास्टर विठ्ठल, नायिका झुबेदा, आणि सोबत तरुण पृथ्वीराज कपूर. मास्टर विठ्ठल म्हणजे मूकपटांच्या जमान्यातलं मारामारीच्या पटांमधलं मोठं नाव. तरीही पहिल्या गाण्याचा मान गेला तो वजीर मोहम्मद खान या नटाकडे. खुदाच्या नावाने दान मागणारा फकीर, एवढीच त्याची भूमिका. साथीला पेटी आणि तबला, बस्स.

या फकिराची गोष्ट आज सांगायचं कारण म्हणजे महापे. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून असलेल्या एमआयडीसीत माझं ऑफिस आहे, आणि गेल्या वर्षी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची पाच मुलं तिथे मला भेटायला यायची. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्यांना तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचा होता आणि त्यांनी विषय निवडला होता नशीद. मी कॉलेजात असताना फेस्टिव्हलचे व्हिडिओ एडिट करायचो, म्हणून कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलेलं. चहाच्या टपरीवर वही उघडून आम्ही प्लॅनिंग करायचो. त्या वहीतल्या जवळजवळ प्रत्येक अडचणीशी १९३१ मध्ये कुणीतरी झगडलं होतं, हे मला वाचत गेल्यावर कळत गेलं.

नशीद म्हणजे काय, हे आधी सांगतो. हा शब्द अरबी. म्हणणं, आळवणं, पठण करणं या अर्थाच्या धातूपासून आलेला. अल्लाहची स्तुती, पैगंबरांविषयीचं प्रेम, आईवडिलांचा आदर, चांगलं वागण्याची शिकवण असे तिचे विषय. आपल्याकडे हम्द आणि नात हे प्रकार जुने आहेत, कव्वाली तर सगळ्यांच्या ओळखीची. नशीद वेगळी पडते ती साथीमुळे. वाद्यांबद्दल इस्लामी विद्वानांमध्ये एकमत नाही. काही जण वाद्यं चालतात म्हणतात, काही फक्त डफ मान्य करतात, काही तोही नाही. त्यामुळे नशीद म्हणजे बहुतेक वेळा नुसते गळे, किंवा गळे आणि डफ.

डफ हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. पोवाड्यात शाहिराच्या हाती असतो तोच. 'शाहीर' हा शब्दही अरबी 'शाइर'वरूनच आला. बार्शीत जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल 'शाहीर अमर शेख' झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लाखोंच्या सभा त्यांनी आपल्या आवाजावर तोलून धरल्या. त्याच्या तीनशे वर्षं आधी श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' मराठीत लिहीत होते. म्हणून त्या पाच जणांपैकी एकीने, मूळची रायगडातल्या कोकणी मुस्लिम घरातली ती, "आपण मराठीतच करू ना" असं म्हटलं, तेव्हा ते काही नवं धाडस नव्हतं. शब्द त्यांनी स्वतः लिहिले. चाल मात्र तिच्या आजोबांची.

वहीतलं पहिलं पान होतं आवाजाचं.

नुसत्या गळ्याचं गाणं रेकॉर्ड करणं हे बँडचं गाणं रेकॉर्ड करण्यापेक्षा अवघड असतं. पेटी, तबला, गिटार यांच्यामागे छोटे आवाज लपून जातात. गळा एकटा असला की मागचा पंखासुद्धा ऐकू येतो. आणि महापेत मागे काय काय असतं! ट्रान्सफॉर्मर, कंप्रेसर, डेटा सेंटरची कूलिंग यंत्रणा, शिळफाट्याकडे जाणारे ट्रेलर. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे यंत्रांची गुणगुण ५०, १००, १५० हर्ट्झवर बसते. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणजे फिल्टर लावून गुणगुण कापायला गेलं की आवाजाचा खर्जही त्याबरोबर जातो. रात्री शांत असेल म्हणावं, तर आयटी पार्कमधल्या रात्रपाळीच्या कॅब सुरूच असतात.

इराणींची अडचण हीच होती, फक्त ट्रकच्या जागी आगगाड्या होत्या. त्यांचा स्टुडिओ ग्रँट रोडजवळ, रुळांना खेटून. मूकपटांच्या काळात त्याने काही बिघडत नव्हतं, उलट दिवसाचा भरपूर उजेड मिळायचा. आवाज पकडायची वेळ आली तेव्हा मात्र दर काही मिनिटांनी जाणारी लोकल शत्रू झाली. ध्वनिरोधक मंच नव्हताच. मग 'आलम आरा'चं बरंचसं चित्रीकरण रात्री एक ते चार या वेळात झालं, गाड्या थांबलेल्या असताना. माइक नटांच्या आसपास लपवायचे, वादक कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर बसवायचे. तनार नावाच्या यंत्रावर आवाज थेट चित्राबरोबर त्याच फिल्मवर उमटत असे. आज आपण एडिटरमध्ये आवाजाची पट्टी वर-खाली सरकवतो, तशी सोय नाही. शेवटच्या ओळीला कुणी खोकलं, की गाणं पहिल्यापासून.

म्हणजे वजीर मोहम्मद खान गायले ते असे: मध्यरात्र उलटलेली, डोळ्यांवर दिवे, पुढची गाडी यायच्या आत संपवायची घाई, आणि एका दमात. ते गाणं नशीद नव्हतं, तसा दावा मी करणार नाही. ती फकिराची हाक होती, आणि तिला साथ होती. पण खुदाचं नाव घेणारा एक गळा आणि त्याच्याभोवती शांतता राखण्यासाठी धडपडणारी माणसं, हे दृश्य मुंबईच्या सिनेमाच्या अगदी सुरुवातीलाच आहे.

ही कसरत फार वर्षं करावी लागली नाही. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांनी 'भाग्यचक्र' आणि त्याची हिंदी आवृत्ती 'धूप छाँव' काढली, आणि आधी गाणं रेकॉर्ड करायचं, मग ते वाजवून नटांनी ओठ हलवायचे, ही पार्श्वगायनाची पद्धत हिंदी सिनेमात आली. महापेतल्या मुलांनीही तेच केलं. कोपरखैरणेतल्या एका फ्लॅटमध्ये, उघड्या कपाटातल्या कपड्यांकडे तोंड करून, पंखा आणि फ्रिज बंद ठेवून त्यांनी गळे रेकॉर्ड केले. कपडे प्रतिध्वनी शोषतात, हा जगभरच्या घरगुती स्टुडिओंचा फुकटचा उपाय. मग शूटिंगच्या वेळी छोट्या स्पीकरवर ते वाजवायचं. ट्रेलर कितीही गेले तरी हरकत नाही.

दुसरं पान होतं चित्राचं, आणि तिथे वही बराच काळ कोरी राहिली.

भक्तिगीताचं चित्रीकरण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? देव. भारतीय सिनेमाची सुरुवातच देव दाखवण्याच्या हौसेतून झाली. दादासाहेब फाळक्यांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणला, १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये आपल्याच मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं. पडद्यावर देव आला की प्रेक्षक हात जोडत, अशा आठवणी त्या काळच्या लोकांनी सांगितल्या आहेत. १९३६ च्या प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये विठ्ठल दिसतो, विमान येतं आणि तुकोबांना घेऊन जातं. जे डोळ्यांना दिसत नाही ते दाखवून देणं, हीच त्या कॅमेऱ्याची भक्ती.

नशीदकाराला हा रस्ता बंद असतो. ईश्वराचं चित्र नाही. ज्यांची स्तुती गायची त्या पैगंबरांचंही चित्र नाही. मग लेन्स वळवायची कुठे?

या प्रश्नाचं सगळ्यात मोठ्या खर्चाचं उत्तर मुस्तफा अक्काद यांनी 'द मेसेज' या १९७६ च्या चित्रपटात दिलं. संपूर्ण चित्रपट पैगंबरांच्या काळावर, पण ते स्वतः एकदाही दिसत नाहीत, त्यांचा आवाजही ऐकू येत नाही. समोरची पात्रं थेट कॅमेऱ्यात बघून बोलतात. म्हणजे कॅमेरा त्यांच्या जागी उभा राहतो. अक्काद यांनी हा चित्रपट दोन वेगवेगळे नटसंच घेऊन इंग्रजीत आणि अरबीत असा दोनदा चित्रित केला.

नशीदच्या व्हिडिओंनी दुसरी, साधी वाट काढली. मलेशियाच्या रैहान या गटाचा पहिला अल्बम १९९६ मध्ये आला आणि गळे व तालवाद्यं एवढ्यावर तो तुफान खपला. नेटकं उभं राहून एकत्र गाणारी मुलं, ही तिथल्या नशीदची ओळख झाली. २००३ मध्ये ब्रिटिश गायक सामी युसूफ याचा 'अल-मुअल्लिम' आला आणि त्याचा व्हिडिओ अरबी वाहिन्यांवर सतत दिसू लागला. त्यात तो एक छायाचित्रकार आहे. घरातून निघतो, आईशी प्रेमाने वागतो, लोकांना मदत करतो, फोटो काढतो. ज्यांच्याविषयी गाणं आहे ते दिसत नाहीत. दिसतो तो त्यांच्यावर प्रेम करणाऱ्या माणसाचा दिवस.

हा व्हिडिओ पाहिल्यावर मुलांची शॉट लिस्ट एका संध्याकाळी भरली. पहाटे शटर उघडणारा पाववाला. रात्रपाळी संपवून बसची वाट पाहणारा सिक्युरिटी गार्ड आणि त्याला चहा नेऊन देणारा मुलगा. वजूसाठी नळाखाली धरलेले हात. पारसिकच्या डोंगरामागून येणारा उजेड. चेहरा जवळून घ्यायचा असेल तर आधी विचारायचं, आणि "नको" म्हटलं तर फक्त हात घ्यायचे, असा नियम त्यांनी स्वतःच केला. आजोबांचा डफ दोनदाच दिसावा असं ठरलं. तीन मिनिटांत बावीस शॉट. ट्रायपॉड एक, फोन दोन.

मला इथे एक गोष्ट जाणवली. औद्योगिक वसाहतीवर प्रेमाने कॅमेरा फिरवणारं गाणं मी क्वचितच पाहिलं आहे. आमच्या कंपन्यांच्या जाहिरातींत काचेच्या इमारती असतात, त्यांच्या दारावरची माणसं नसतात. दाखवायला मनाई असल्यामुळे या मुलांना आजूबाजूला बघावं लागलं, आणि बघितल्यावर त्यांना महापे दिसलं.

तिसरं पान वहीत नव्हतंच.

प्रोजेक्ट म्हणून जमा करायची होती एक फाइल. गुण मिळाले की कच्च्या क्लिप उडवायच्या, कारण फोन भरलेले. आजोबांनी चाल शिकवताना म्हटलेलं रेकॉर्डिंग व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पडून होतं. कुठल्या ओळीवर श्वास घ्यायचा, कुठे डफावर थाप द्यायची, हे ते मध्येच थांबून आपल्या बोलीत सांगतात. अंतिम व्हिडिओत त्यातलं काहीही नाही.

इथे पुन्हा 'आलम आरा'कडे जावं लागतं. हा चित्रपट आज अस्तित्वात नाही. त्यातल्या सातही गाण्यांच्या तबकड्या त्या वेळी निघाल्या नव्हत्या, त्यामुळे फकिराचं गाणंही नाही. २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत शेवटची प्रत जळाली असं वारंवार लिहिलं जातं. पण राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ज्यांनी उभं केलं त्या पी. के. नायर यांनी हे खोडून काढलं होतं. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या संग्रहालयाकडे ती प्रत कधी आलीच नव्हती. नायर यांच्या आठवणीनुसार, त्यांनी इराणींकडे चौकशी केली तेव्हा काही रिळं कुठेतरी पडली असतील असं उत्तर मिळालं, आणि नंतर इराणींच्या मुलाने बाजूला घेऊन सांगितलं की त्यातली चांदी काढून घेऊन रिळांची विल्हेवाट लागली आहे. जुन्या फिल्मवरच्या थरात चांदी असे. खेळ संपलेल्या चित्रपटाची किंमत तेवढीच उरायची.

यात इराणींच्या घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही. खेळ उतरला की काम संपलं, असंच तेव्हा सगळे समजत. आपणही तेच समजतो. फक्त आपण चांदीऐवजी फोनमधली जागा मोकळी करतो.

म्हणून तुम्ही कॉलेजसाठी नशीद, भारूड, कोळीगीत, काहीही चित्रित करणार असाल तर प्लॅनमध्ये एक पान वाढवा. मूळ ऑडिओ, कच्च्या क्लिप, चाल कुणाची, शब्द कुणाचे, कुठल्या तारखेला कुठे रेकॉर्ड केलं, एवढं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा आणि दोन वेगळ्या ठिकाणी साठवा. व्हॉट्सअॅपवरचं रेकॉर्डिंग वेगळं काढून ठेवा. एक जुनी हार्ड डिस्क पुरते. महापेच्या मुलांचं हे सगळं मिळून अकरा जीबी भरलं, त्यात आजोबांचं रेकॉर्डिंग सहा मिनिटांचं.

वजीर मोहम्मद खान यांच्याबद्दल आपल्याला बरंच ठाऊक आहे. थिएटर, तारीख, साथीची वाद्यं, रात्रीची वेळ, अगदी रुळांचं अंतरसुद्धा. त्यांनी पहिली ओळ संपवून श्वास कुठे घेतला, हे मात्र आता कुणालाही सांगता येणार नाही.