सात तारखेचा पगार

भिलाईच्या नेहरू नगरातल्या घरात तुम्ही 'ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन' ही कोरियन मालिका बघताय. १९९८ सालचं सोल. बापाचा धंदा बुडालाय, घर पांगलंय, देणेकरी बावीस वर्षांच्या मुलाला गाठतात, आणि तो बिचारा कबूल करतो की यापुढे मी सुखात राहणार नाही. मालिका २०२२ ची. थांबवा तिथेच आणि खाली उतरा.

खाली सप्टेंबर १९९९ आहे. दुकानांच्या पाट्यांवर अजून 'म.प्र.' आहे, छत्तीसगढ व्हायला वर्ष बाकी. ज्या घरात गणपतीला तुम्ही शिरता तिथले काका बीएसपीत, म्हणजे भिलाई पोलाद कारखान्यात, रेल मिलला. घराचा खालचा मजला झालाय. गच्चीवर कॉलमच्या सळया तशाच उभ्या, पावसानं तांबड्या झालेल्या. व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची, चर्चा सुरू झाल्यापासून वरचं काम थांबलंय.

काका कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडतायत. फंड, ग्रॅच्युइटी, त्यावरचं व्याज. वजा मुलीचं लग्न.

"अहो, कारखाना बंद थोडाच होतोय?" काकू विचारतात.

"बंद झाला असता तर एक बाजू तरी कळली असती."

सोलचं संकट इथवर कसं आलं? जानेवारी १९९७ मध्ये कोरियातली हान्बो ही बडी पोलाद कंपनी कोसळली. वर्षअखेर तो देश नाणेनिधीच्या दारात उभा. आशियात पोलादाला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा स्वस्त माल जिकडे वाट मिळेल तिकडे सुटला. डिसेंबर १९९८ मध्ये दिल्लीनं आयात पोलादाला किमान किंमत बांधून दिली, तरी १९९८-९९ साली भिलाईच्या मालक कंपनीला, सेलला, १,५७४ कोटींचा तोटा झालाच. भिलाईला रेल्वेच्या रुळांचा आधार होता, म्हणून इथं भट्ट्या धगधगत राहिल्या. टाळं नाही, मोर्चा नाही, नुसतं परिपत्रक. यावर मालिका कोण काढणार?

आरती सुरू होते. शेजारच्या वहिनी टाळ्या वाजवतात आणि तुमचं लक्ष त्यांच्या हातांकडे जातं. नुसत्या काचेच्या बांगड्या. पाटल्या दुर्गला सराफाकडे गहाण. तिकडे कोरियात लाखो लोकांनी रांगा लावून देशासाठी दागिने दिले, २२७ टनांच्या आसपास सोनं जमलं. जगभर छायाचित्रं छापून आली. इथं वहिनी पदर मनगटावर ओढून घेतात.

त्यांच्या यजमानांचं औद्योगिक वसाहतीत छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, बिलं अडकलेली. ठेक्यावरची काही पोरं गावी परतलीत, धानाच्या शेतांवर. त्यांना ना व्हीआरएस, ना क्वार्टर. मला ती मालिका आवडते, पण तिला पडायला उंची लागते: मोटार, मोठं घर, नोकरचाकर. ज्याच्याकडे सायकलच होती तो पडल्याचं तिला दिसत नाही.

प्रसाद वाटता वाटता काका तुम्हाला बाजूला घेतात. "तुम्ही पुढून आलात ना? मग सांगा, सेलचं काय होतं?"

तुम्ही खरं तेच सांगता. अजून तोट्याची वर्षं आहेत, पण २००३-०४ मध्ये सेल अडीच हजार कोटींच्या नफ्यात येते.

"म्हणजे चार वर्षं काढायची," काका म्हणतात आणि हिशेबाचा कागद घडी करून खिशात घालतात. "फॉर्म नाही भरत."

वहिनींचे यजमान चपला घालता घालता थांबतात.

"तुमचं ठीक आहे हो. मला सात तारखेला पोरांचा पगार करायचाय."