जुन्या फ्लॉप्या आणि आपली वंशावळ



लेखन जतन करण्याची परंपरा आपल्या बीड जिल्ह्यास नवी नाही. अंबाजोगाईस दासोपंतांनी (१५५१–१६१५) ‘पंचीकरण’ हे प्रकरण सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद कापडावर लिहिले. त्या पासोडीस चार शतके लोटली. तरी ती वाचण्यास डोळ्यांवाचून अन्य साधन लागत नाही. उलट, आपल्या मंडळाने १९९८ साली फ्लॉपीवर उतरविलेली कुटुंबसूची परवापर्यंत कोणासही वाचता येत नव्हती. तीतील नावे सांगणारी वडीलधारी मंडळी आज हयात नाहीत.

फ्लॉपी १९७१ साली आयबीएम कंपनीने प्रचारात आणली. प्रथम ८ इंची, मग सव्वापाच व अखेर साडेतीन इंची, असा तिचा आकार लहान होत गेला. शेवटचीत अवघे १.४४ मेगाबाइट मावे. पातळ चकतीवरील चुंबकी लेपात अक्षरे साठवीत. दमट हवेने तीस बुरशी धरते. सोनी कंपनीने २०११ साली आपल्या फ्लॉप्यांची विक्री थांबविली आणि ती वाचणारी यंत्रेही दुर्मिळ झाली.

दुसरी अडचण अक्षरांची. देवनागरीसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ साली ठरले, तरी अनेक छापखाने निरनिराळ्या फॉन्टचे संकेत वापरीत. तो फॉन्ट नसता पडद्यावर निरर्थक चिन्हांचा काला दिसतो. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात मराठवाड्यातील मोडी व उर्दू दस्तऐवज वाचावयास जाणकार लागले. येथेही तोच प्रकार होय. लेख शाबूत, वाचक मात्र नाही.

आम्ही प्रथम फ्लॉपीच्या कोपऱ्यातील खिडकी उघडी केली, म्हणजे तीवर नवे काही लिहिले जाऊ नये. मग यूएसबीने जोडावयाचे वाचनयंत्र मिळवून संपूर्ण नक्कल घेतली आणि नकलेवरच काम करून मजकूर युनिकोडमध्ये आणला. चारपैकी तीन फ्लॉप्या वाचल्या गेल्या. चौथी बुरशीने गेली. तिच्याबरोबर कित्येक घराण्यांच्या पिढ्या गेल्या.

सबब विनंती अशी की, कोणाच्या कपाटात जुनी फ्लॉपी असेल तर ती फेकू नये. संगणकाने ‘फॉरमॅट करावे काय’ असे विचारल्यास होकार देऊ नये. मजकूर हाती येताच कागदावर छापून दोन-तीन घरी ठेवावा. दप्तर जपणे म्हणजे ते कुलपात ठेवणे नव्हे. प्रत्येक पिढीने ते पुन्हा उतरवून घेणे होय.