न खोकणारा क्षय

सांगोल्याच्या माणसाला मोठ्या दुखण्यात एके काळी मिरज आठवे. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळ 1927 साली पंढरपूरहून सांगोल्यावरून मिरजेस पोचला आणि डॉ. वानलेस यांनी 1894 साली उभारलेले मिशनचे इस्पितळ माणदेशाच्या आवाक्यात आले. जवळच वानलेसवाडीस क्षयाचे आरोग्यधामही झाले. पण क्षय म्हणजे खोकला आणि रक्ताची गुळणी, ही लोकांची समजूत! गळ्याला गाठी आल्या तर ती गंडमाळ. तिला लेप, नाही तर डाग. पोराच्या पाठीला पोक आले तर ते नशिबाचे.

याला निव्वळ अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. सुश्रुतसंहितेतही गळ्याच्या गाठींची अपची निदानस्थानात, तर शोष थेट उत्तरतंत्रात. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शस्त्रवैद्याने 1779 साली पोक आणि पायांचा लुळेपणा यांची सांगड घातली खरी. परंतु या साऱ्यांच्या मुळाशी एकच जंतू आहे, हे कळायला 1882 सालचा रॉबर्ट कॉख यावा लागला.

पुढे औषधे आली. स्ट्रेप्टोमायसिन 1943 साली सापडले आणि पाचच वर्षांत त्याची मर्यादा ब्रिटिश डॉक्टरांनी नोंदवली. कोट्यवधी जंतूंत काही थोडे त्या औषधाला मुळातच दाद न देणारे असतात. एकच औषध दिले की बाकीचे मरतात आणि या थोड्यांना रान मोकळे होते. म्हणून दोनतीन औषधे एकत्र, आणि तीही पुरे दिवस. 1952 साली आयसोनायाझिड आल्यावर हा मार्ग पक्का झाला. हाडाच्या रोग्याला महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये निजवण्याचीही गरज उरली नाही. 1975 साली वाराणसीच्या डॉ. तुळी यांनी औषधांवर मुख्य भिस्त ठेवून शस्त्रक्रिया निवडक रोग्यांपुरती राखण्याचा ‘मध्यम मार्ग’ मांडला.

मात्र पाठीचा क्षय बारा महिने वा अधिक औषध मागतो, आणि दुखणे थांबते त्याच्या फार आधी. कामाच्या दिवसांत गोळ्या सुटतात त्या तिथेच.

2011 च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी जवळजवळ कोणत्याच औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाची वार्ता दिली, तेव्हा देशभर खळबळ उडाली. तेथे निदान थुंकी तपासता आली होती. मणक्यातला किंवा गाठीतला जंतू संख्येने थोडा आणि खोल दडलेला. तो सुईने काढावा लागतो. आता जीन तपासणारे यंत्र दोन तासांत जंतू ओळखते आणि तो रिफाम्पिसिनला दाद देईल की नाही, तेही सांगते. पण ते सांगणार त्याच्या हाती येणाऱ्या नमुन्यावरून. काढलेला तुकडा सवयीने सगळाच फॉर्मॅलिनमध्ये टाकला, तर जंतू मरतो आणि मग तो वाढवून कोणते औषध चालेल हे पाहता येत नाही. अर्धा तुकडा साध्या सलाइनमध्ये ठेवला तर पाहता येते.